मैदान चातुर्मासात मोकळं असतं

जपानच्या फुटबॉल लीगने तीस वर्षं फेब्रुवारी-मार्चात सुरू करून डिसेंबरात आटपायचा शिरस्ता पाळला आणि डिसेंबर 2023 मध्ये ठराव केला की आता पुरे. 2026 पासून हंगाम ऑगस्टात सुरू होणार आणि पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी संपणार. कारण काय, तर भर उन्हाळ्यात खेळाडू पळत नाहीत, चालतात. उत्तरेकडचे बर्फातले क्लब म्हणाले, आमच्याकडे जानेवारीत मैदान आधी फावड्याने शोधावं लागतं. त्यांची समजूत काढायला मधे दोन महिन्यांची सुट्टी ठेवली. अमेरिकेच्या लीगनेही 2027 पासून असंच करायचं जाहीर केलंय. रशिया तर 2011 मध्येच हलला. हे सगळे उन्हाळा सोडून हिवाळ्याकडे निघालेले, आणि आयर्लंड 2003 मध्ये हिवाळ्याला कंटाळून बरोबर उलट दिशेने उन्हाळ्यात गेलेला. इंग्लंडच्या महिलांची सुपर लीग 2011 मध्ये उन्हाळ्यात सुरू झाली आणि 2017 मध्ये तिने हिवाळ्यात बिऱ्हाड हलवलं. एकूण जगातल्या फुटबॉलवाल्यांचं मत असं दिसतं की आपला हंगाम सोडून दुसरा कुठलाही चांगला.

हा वाद नाशिकला आणला तो सरांनी. सर शाळेत पीटी शिकवतात आणि सकाळी पोरांना फुटबॉल. रविवारचा सराव आटोपला की आम्ही चार-पाच जण मिसळीला बसतो. रविवारी सकाळी मिसळ न खाता कुठल्याही विषयावर मत देणं आमच्या गावात बेजबाबदारपणाचं समजतात, त्यामुळे सरांनीही रस्सा येईपर्यंत दम धरला. मग पाव मोडता मोडता म्हणाले, "समजा, आपल्या जिल्ह्याची लीग एकदाची पद्धतशीर घ्यायची. होम-अवे, सहा महिने. तर कधी घ्यावी? उन्हाळ्यात की हिवाळ्यात?"

टेबलावर बाकी कोण होतं ते सांगायला हवं, कारण वादात मुद्द्यापेक्षा माणूस महत्त्वाचा. एक सुभेदारसाहेब. देवळालीहून तोफखान्यातून निवृत्त झालेले, एकेकाळचे सेंटर हाफ, अजूनही चहा मागवतात तो हुकूम सोडल्यासारखा. दुसरे निफाडकडचे द्राक्षबागायतदार भाऊ, ज्यांचा धाकटा सरांकडे येतो. आणि तिसरे काका. काकांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. त्यांना ऑफसाइड कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही, पण शहरातलं कुठलं मैदान कुठल्या तारखेला मोकळं आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. माझ्या मते भारतीय फुटबॉलबद्दल बोलायला एवढी पात्रता पुष्कळ झाली.

या वादाचं मूळ हवामानात आहे असं लोकांना उगीच वाटतं. फुटबॉल हिवाळ्यातला खेळ, असं इंग्रज छातीठोकपणे सांगतात; ते एवढ्यासाठीच, की उन्हाळा क्रिकेटने आधी घेऊन ठेवला होता. शेफील्डमधल्या वेन्स्डे नावाच्या क्रिकेट क्लबाने 1867 मध्ये फुटबॉलचा क्लब काढला. हेतू हा, की हिवाळ्यात बॅट गुंडाळून ठेवल्यावर पोरं पांगू नयेत. म्हणजे फुटबॉल मुळात क्रिकेटचा पोटभाडेकरू. मालक गावाला गेला की राहायचं, आला की वळकटी उचलायची. पुढे या भाडेकरूने वाडा नावावर करून घेतला हा भाग वेगळा, पण राहायच्या तारखा मालकाने ठरवल्या त्याच राहिल्या.

आणि वाडा गारठलेला होता. 1962-63 च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये असं गोठलं की एफए कपच्या नुसत्या तिसऱ्या फेरीला 66 दिवस लागले. हॅलिफॅक्सच्या क्लबाने वैतागून आपल्या मैदानावर बर्फावर घसरायचा खेळ सुरू केला आणि तिकीट लावलं. खरी अडचण झाली ती निकालांवर पैसे लावणाऱ्यांची. सामनेच नाहीत तर कुपनं कशाची भरायची? तेव्हा जानेवारी 1963 मध्ये जुन्याजाणत्या खेळाडूंची एक समिती बसवली. ती बंद खोलीत बसून, सामना झाला असता तर कोण जिंकलं असतं, ते ठरवायची. आपल्याकडे न झालेल्या कामांची बिलं निघतात, तिकडे न झालेल्या सामन्यांचे निकाल निघाले. ही समिती पुढेही चालू राहिली. उपयुक्त समिती बरखास्त होत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

इंग्रज इकडे आले ते फुटबॉल आणि त्याची पोटभाडेकरी दोन्ही घेऊन. फक्त इथे मालकाचं वेळापत्रक उलटं निघालं. आपल्याकडे क्रिकेट रमतं हिवाळ्यात. उन्हाळ्यात साहेब सिमल्याला पळायचा, तर फुटबॉलही त्याच्यामागोमाग डोंगर चढला. 1888 मध्ये ड्युरँड कप सुरू झाला तो तिकडे. खाली मैदानी मुलखात फुटबॉलच्या वाटणीला आला पावसाळा. कलकत्त्याची लीग 1898 पासून पावसात. मुंबईचा रोव्हर्स कप 1891 पासून, आणि कूपरेजवरची हारवुड लीग, तीही पावसात. हिवाळ्यात मुंबईच्या मैदानांवर स्टंप रोवलेले असायचे. त्यांच्यामधून चेंडू घेऊन जायची कोणाची प्राज्ञा?

यात भाडेकरूचं फार वाईट झालं असंही नाही. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड घेतली ती 29 जुलै 1911 ला. अकरापैकी दहा अनवाणी. बूटवाल्या गोऱ्यांशी चिखलात अनवाणी कसं खेळायचं ही धास्ती होती, पण त्या दिवशी पाऊस थांबला. आणि कलकत्त्यात सॉल्ट लेकवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्याला 1,31,781 माणूस जमला तो दिवस होता 13 जुलै 1997. जुलैत! आमच्याकडे जुलैत लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा माणूस घराबाहेर पडत नाही.

तर असा एक पावसाळा तेवढा भाडेकरूच्या नावावर होता. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना तोही बघवला नाही. 1948 मध्ये त्यांनी कांगा लीग काढली, खास पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळायची. या लीगमुळे मुंबईच्या फलंदाजांचं तंत्र पक्कं झालं असं सांगतात. झालं असेल. पण घरमालकाने एप्रिलचं आणि डिसेंबरचं भाडं घेऊन वर पावसाळ्यात गच्चीही मागावी, त्यातला हा प्रकार.

"कोल्हापूरचं काय मग?" सर म्हणाले. "तिथे हिवाळ्यात सुरू होतं, ते पार उन्हाळ्यापर्यंत."

कोल्हापूर हा सरांचा हुकमी पत्ता आहे. आणि खरंच आहे ते. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल. नावं ऐकली तर वाटावं कुस्त्यांचा फड आहे, आणि उतरतात अकरा-अकरा जण शिन-गार्ड लावून. पेठेची पेठ गॅलरीत. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने 2017 मध्ये भारताकडून 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. मुंबई पावसात खेळते म्हणून आपणही भिजावं असलं कोल्हापूरला वाटत नाही. पंचगंगा पावसाळ्यात शहरात काय करते हे माहीत असल्यावर वाटणारही नाही.

काकांनी शांतपणे लिंबू पिळलं. "सर, कोल्हापुरात शाहू स्टेडियम फुटबॉलचं आहे. आपल्याकडे मैदान सगळ्यांचं आहे."

यावर सर गप्प झाले. जिल्ह्याच्या क्रीडा धोरणावर इतकं थोडक्यात कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आमचं सगळ्यात नावाजलेलं मैदान म्हणजे गोल्फ क्लब. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, 1909 मध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणाऱ्या कान्हेऱ्यांच्या नावाचं. तिथे गोल्फ कोणी खेळत नाही. पहाटे लोक चालतात, चालून झाल्यावर उभं राहून राजकारण करतात, आणि हिवाळ्यात रणजीचा सामना मिळाला की गाव झाडाझाडांखाली गोळा होतं. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र-बडोदा इथेच झाला. आता अशा मैदानावर हिवाळ्यात फुटबॉलच्या तारखा मागायला जाणं म्हणजे लग्नघरी जाऊन जागा भाड्याने आहे का विचारणं. काकांच्या वहीप्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी शहरातली बाकीची मैदानंही भरलेली. फटाक्यांचे गाळे उठतात तोवर प्रदर्शन लागतं, प्रदर्शनाच्या मागे शाळांची स्नेहसंमेलनं, त्यांच्यामागे नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या टेनिस बॉल स्पर्धा, रात्री दिवे लावून. वाढदिवस एका दिवसाचा असतो, स्पर्धा दहा दिवसांची.

तरी समजा मैदान मिळालं. डिसेंबरातली सकाळी सातची मॅच कोणी बघितली आहे का? मी बघितली आहे. गवतावर दव असं की पाच मिनिटांत मोजे ओले. दोन्ही गोलकीपर कानटोपीत, दोघांचे हात बगलेत. चेंडू आला की आधी हात सोडवायचे आणि मग अडवायचं. चेंडूला एवढा वेळ नसतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकी दोन गोल. त्यानंतर सामना रंगतो, कारण हात बाहेर आलेले असतात. कोणी हेडर घेत नाही. थंडीत कपाळावर बसलेला चेंडू दुपारपर्यंत आठवतो. मैदानाबाहेर आया थर्मास घेऊन उभ्या. सर ओरडतात, "मार्क कर, मार्क कर!" आया ओरडतात, "स्वेटर काढू नकोस!" पोरं आयांचं ऐकतात. जर्सीवर स्वेटर असल्यामुळे नंबर दिसत नाही. रेफरीने वहीत लिहिलं, "पिवळं कार्ड, मरून स्वेटर." दोन्ही संघांत मिळून सात मरून स्वेटर होते.

आणि हे झालं शहरातलं. "आमच्याकडे या," भाऊ म्हणाले. त्यांच्याकडचं खरंच काही विचारू नये. डिसेंबर 2018 मध्ये निफाडला पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री बागायतदार बागेत शेकोट्या पेटवून, ठिबक चालू ठेवून जागे असतात, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. भाऊंचं गणित सरळ आहे. ऑक्टोबरात फळछाटणी, मग डिपिंग, थिनिंग, थंडी, धुकं, फवारण्या. जानेवारी ते मार्च काढणी. "एवढ्या दिवसांत माझा पोरगा सेंटर फॉरवर्ड नाही, सर. तो ब्लोअरवर असतो." काढणीला पेठ-सुरगाण्याकडून माणसं दिंडोरी-निफाडात उतरतात, म्हणजे तिकडची वाऱ्यासारखी पळणारी पोरंही कामावर. त्या पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ घेतलं. तिकडच्या पोरांना विंगला घेतलं तर बचावपटूंची काही खैर नाही. पण ऐन हंगामात विंगा रिकाम्या. वर फेब्रुवारी-मार्चात बारावी आणि दहावी. मिडफील्ड परीक्षेला, फॉरवर्ड बागेत, गोलकीपरच्या हाताला हातमोजे असूनही मुंग्या. हिवाळा बाद.

उरला उन्हाळा. उन्हाळ्याच्या बाजूने आमच्या टेबलावर कोणीही बोललं नाही, यात काय ते आलं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. नाशिककर तरीही पाहुण्यांना सांगतो की आमच्याकडे रात्री गार असतं; सामना काही रात्री गच्चीवर ठेवता येत नाही. फिफाच्या नियमात ऊन, दमटपणा, वारा यांचं मिळून एक माप असतं, ते 32 च्या वर गेलं की पाणी प्यायला खेळ थांबवायचा. 2026 च्या वर्ल्ड कपला तर त्यांनी हवा कशीही असो, प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांची विश्रांती ठरवून टाकली. आमची पोरं ही विश्रांती आपण होऊनच घेतात. त्यासाठी शिट्टी लागत नाही, उसाच्या रसाच्या गाडीची घंटा पुरते.

शिवाय संध्याकाळी आयपीएल. 2008 पासून एप्रिल-मेची संध्याकाळही मालकाने भाड्याने दिलेली आहे. आणि लग्नं. काकांनी मे महिन्याची पानं उघडून दाखवली. त्यात फुटबॉल सोडा, पाहुण्यांच्या गाड्या लावायलाही जागा नव्हती.

सुभेदारसाहेबांचा उन्हाळ्याला विरोध मात्र ऐतिहासिक निघाला. देवळालीच्या छावणीत इंग्रज शिपाई नोकरीची मुदत संपली की मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत बसायचे. जहाजं सुटायची ती हिवाळ्यात, मार्चपर्यंत. त्यातलं शेवटचं चुकलं की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीत काढायचा. ड्यूटी नाही, घर नाही, नुसतं ऊन. कित्येकांची डोकी फिरली, आणि देवळालीची ती कीर्ती थेट इंग्लंडपर्यंत गेली. "रिकाम्या माणसाला तिथे उन्हाळ्यात वेड लागलं," सुभेदारसाहेब म्हणाले, "आणि सर, तुम्ही त्याला नव्वद मिनिटं पळवणार?"

उन्हाळा बाद. ठराव एकमताने मंजूर, तर्रीची दुसरी वाटी आली.

इथे मी माझं मत मांडलं, जे मी अजूनही सोडलेलं नाही. उन्हाळा की हिवाळा, हा प्रश्न दोनच ऋतू असलेल्या लोकांचा. आपल्याला तिसरा आहे, तो वापरावा. लीग पावसात घ्यावी. त्यातही तारखा ठरवायला हवामान खातं नको, पंचांग पुरेल. आषाढी एकादशीला देव झोपतात. देव झोपले की लग्नं थांबतात. लग्नं थांबली की काकांचे मांडव गोडाऊनमध्ये जातात आणि मैदान उघडं पडतं. सभा नाहीत, कारण पावसात श्रोते येत नाहीत. प्रदर्शन नाही, कारण गालिचे भिजतात. टेनिस बॉलवाले वाढदिवससुद्धा पुढे ढकलतात. भारतीय फुटबॉलची सोय बघून इतका नेमका हंगाम आखणारा धर्म दुसरा नसेल.

काकांनी हिशोब तपासला. चातुर्मास म्हटला तरी गणपती आणि नवरात्राचे मांडव असतातच, तेव्हा पूर्ण चार महिने विसरा. आषाढी ते गणेशचतुर्थी, पन्नासेक दिवस. सरांनी पेन काढलं. आठ संघ, सात फेऱ्या, सात रविवार, अठ्ठावीस सामने. चपखल बसलं! होम-अवे जमणार नाही, पण 2023 सारखा अधिक श्रावण आला तर महिनाभर जास्तीचा मिळतो. त्या वर्षी परतीच्या काही फेऱ्या. इतर देशांत इंज्युरी टाइम रेफरी देतो, आपल्याकडे चंद्र देईल.

आणि मी काही जगावेगळं बोलत नव्हतो. शाळांच्या सुब्रोतो कपच्या जिल्हा फेऱ्या भर पावसाळ्यातच उरकतात. 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या आधी महाराष्ट्र सरकारने शाळाशाळांत चेंडू वाटून दहा लाख पोरांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावायचं ठरवलं, तो दिवस 15 सप्टेंबर 2017. सरकारलाही कळतं की एवढी पोरं एकदम मैदानात सोडायची तर मैदानं रिकामी असतानाच. वरच्या पातळीवर तरी हंगाम कोण हवा बघून ठरवतो? इंडियन सुपर लीगचा 2025-26 चा हंगाम फेडरेशन आणि व्यापारी भागीदार यांच्या कराराच्या घोळात अडकला. करार डिसेंबरात संपला आणि पहिली शिट्टी वाजायला 14 फेब्रुवारी 2026 उजाडावा लागला. उन्हाळा की हिवाळा, हे तिथे वकिलांनी ठरवलं. आमचं पंचांग त्यापेक्षा स्वस्त.

पावसातली मॅच बघायला मजा येते हे तर वेगळंच. फक्कीने आखलेल्या रेषा पहिल्या सरीत वाहून जातात आणि चेंडू बाहेर गेला की आत, हे ज्या बाजूचे पालक जास्त, ती बाजू ठरवते. जोरात मारलेला पास डबक्यात जाऊन जागीच बसतो. त्याच्या मागे सुटलेला फॉरवर्ड आणि फॉरवर्डच्या मागे सुटलेला बचावपटू, दोघेही थांबता न आल्यामुळे चेंडूला ओलांडून गोलपोस्टपर्यंत घसरत जातात. तेवढ्यात मागून एखादं बारकं पोर चालत येतं, डबक्यातून चेंडू उकरतं आणि सावकाश गोल मारतं. ते पोर नेहमी राखीव खेळाडूंतलं असतं. दहाव्या मिनिटाला दोन्ही जर्सींचा रंग एक होतो, मग पोरं एकमेकांना नाव विचारून पास देतात. कोणी पडलं तर लागत नाही, त्यामुळे सगळे आनंदाने पडतात.

आक्षेप आले. येणारच. सर म्हणाले, मैदानाच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी आहे, तिच्यावर जून ते सप्टेंबर ताडपत्री असते, आणि स्टडचा एक ठसा जरी उमटला तरी वॉचमन शिट्टी मारतो. रेफरीची आणि त्याची शिट्टी एकसारखी, त्यामुळे खेळ विनाकारण थांबतो. यावर तोडगा निघाला: खेळपट्टीवरून पास उचलून द्यायचा. पोरांची लांब पासची सवय त्यामुळे सुधारेल, जशी कांगा लीगने फलंदाजांची सुधारली. सुभेदारसाहेबांनी विचारलं, मॅच रद्द करायची कधी? हा प्रश्न नाशिकला पडायचं काही कारण नाही. आमचा दुतोंड्या मारुती गोदावरीत त्यासाठीच उभा आहे. पाणी त्याच्या पायाला लागलं तर सामना होणार, गुडघ्याला लागलं तर रेफरीला विचारायचं, कमरेला लागलं तर पोरं आपोआप मैदानाऐवजी रामकुंडावर गर्दीत सापडतील.

भाऊंचा आक्षेप खरा जड होता. जिल्हा एकाच पावसाखाली येत नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जुलैत येवल्याच्या काही गावांत टँकर. इगतपुरीची मॅच पाण्यामुळे रद्द, येवल्याची पाण्याअभावी. सरांनी दोघांना एका गटात टाकलं आणि सामना मधे नाशिकला ठेवला. त्र्यंबकेश्वरचा संघ आला तर श्रावणी सोमवारी तिकडे सामना ठेवायचा नाही, तिसऱ्या सोमवारी तर नावही काढायचं नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणाऱ्या गर्दीत पाहुणा संघ सापडला तर प्रदक्षिणा पूर्ण करूनच बाहेर पडेल.

आणि आया? चिखलाचे बूट, चिखलाची जर्सी, वर सर्दी. इथे काका पुढे सरसावले. पन्नास दिवस धंदा नाही, माणसं बसून, ताडपत्र्या पडून. त्यांनी मैदानाच्या कडेने पालकांसाठी पत्र्याचा मांडव टाकून द्यायची तयारी दाखवली, खुर्च्यांसकट, ऑफ-सीझनच्या दरात. चहाचा स्टॉल त्यांचा भाचा लावेल. ऑफसाइड अजून कळलं नव्हतं, पण माणूस फुटबॉलचा झाला होता.

टेबलावर इतकं एकमत पूर्वी झालेलं मला आठवत नाही. सरांनी पेपर नॅपकिनवर पुढच्या हंगामांचा तक्ता करायला घेतला. 2027 शी पोचल्यावर पेन थांबलं.

2027 ला सिंहस्थ. पर्वण्या 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर, म्हणजे आमचे सातही रविवार त्यात बुडालेले. बारा वर्षांत एकदाच पावसाळ्यात मैदानाला मागणी येते, ती नेमकी आम्ही पावसाळा शोधून काढल्यावर. जिथे गोलपोस्ट लावायचे तिथे गाड्या लागणार आणि जिथे गाड्या लागायच्या तिथे भाविक उतरणार.

"त्या वर्षी गावात होम-अवे चालूच असतं," सुभेदारसाहेब म्हणाले. ते बरोबरच आहे. वैष्णवांचं ग्राउंड रामकुंड, शैवांचं त्र्यंबकला कुशावर्त. अठराव्या शतकात दोघांची एकाच मैदानावर गाठ पडली तेव्हा प्रकरण तलवारींवर गेलं, आणि शेवटी पेशव्यांनी दोन वेगळी मैदानं लावून दिली. ते फिक्स्चर आजतागायत बदललेलं नाही. तीन आखाडे इकडे, दहा तिकडे, आणि सगळ्यांना कोण कधी उतरणार ते मिनिटानिशी माहीत. सर हे ऐकून हळहळले. जिल्ह्यातल्या आठ संघांना त्यांना एवढी शिस्त लावता आलेली नाही.

2027 वर फुली मारली आणि लीग एक वर्ष पुढे गेली. काकांनी खिशातून वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि सरांकडे बघितलं.

"2028 ची आषाढी ना? लिहून घेतो. पण मांडवाचा दर आत्ताच ठरवून ॲडव्हान्स द्या, सर. कुंभ होऊन गेल्यावर नाशकात मांडव या भावाने मिळायचा नाही."